उथळ पाण्याचा जाणकार : कप्तान जेम्स कुक

वाचकहो, आपल्या किनारपट्टीवरील किती तरी घरांतून निदान एक पिढी तरी समुद्रावर गेलेली आहे. कोणाचे आजोबा फतेमारीवर तांडेल होते, कोणाचे मामू बोटीवर सुकाणी होते. अशा घरातील मुलाला तुम्ही विचारून पाहा की जहाजाला धोका कोठे अधिक, खोल समुद्रात की किनाऱ्याजवळ? शहरातला मुलगा खोल समुद्र म्हणेल. तांडेलाचा नातू खाडीच्या तोंडाकडे बोट दाखवील. दाभोळ असो, जयगड असो की बाणकोट, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, आणि भरती धरूनच आत यावे लागते हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते.

ज्या माणसाची हकिगत आज आपणांपुढे ठेवीत आहे त्याचे नाव शाळेच्या भूगोलात येते. ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा, न्यूझीलंड, हवाई ही नावे घेताना कप्तान जेम्स कुक याचे नाव घ्यावेच लागते. परंतु पाठ्यपुस्तकात त्याने काय शोधले एवढेच सांगितलेले असते. त्याने कोणते जहाज निवडले आणि का निवडले हे कोणी सांगत नाही. माझ्या मते कुकचे सारे शहाणपण त्या निवडीत आहे, आणि ते त्याने लहान वयात, कोळशाच्या धुळीत मिळवले होते.

जेम्स कुकचा जन्म १७२८ साली इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यातील मार्टन या खेड्यात झाला. बाप शेतमजूर. आठ भावंडे, त्यांत हा दुसरा. जेम्स आठ वर्षांचा असताना बापाला जवळच ग्रेट एटन गावच्या शेतावर मुकादमासारखे काम मिळाले. त्या शेताचे मालक टॉमस स्कॉटो यांनी या मजुराच्या मुलाची शाळेची फी स्वतः भरली. पालकहो, एवढीच गोष्ट घडली. सुमारे पाच वर्षे मुलगा गावच्या लहानशा शाळेत गेला. लिहिणे, वाचणे आणि हिशेब शिकला. पुढे बापाच्या हाताखाली शेतावर राबला. कुकच्या आयुष्यातील औपचारिक शिक्षण ते एवढेच. पण तेवढे हिशेब आले नसते तर पुढची त्रिकोणमिती आणि ज्योतिर्गणित त्याने कशावर उभे केले असते?

सोळाव्या वर्षी तो स्टेथ्स या कोळीवाड्यात एका वाण्या-कापडवाल्याच्या दुकानात नोकरीस लागला. दुकानाच्या दारातून समुद्र दिसत असे. दीड वर्ष तागड्या आणि गजाची पट्टी हाताळून त्याचे मन त्यात रमेना. मालक भला होता. त्याने मुलाला व्हिटबी बंदरात नेऊन जॉन वॉकर नावाच्या जहाजमालकाकडे उमेदवारीस ठेवले. वॉकर हे क्वेकर पंथाचे, साधे आणि नेमस्त गृहस्थ. त्यांची जहाजे टाइन नदीवरून लंडनला दगडी कोळसा वाहात. हिवाळ्यात जहाजे बंदरात असताना उमेदवार मुले वॉकर यांच्याच घरी राहात. घरातील मोलकरणीने जेम्सला एक टेबल व मेणबत्त्या देऊन माळ्यावर अभ्यासाला जागा करून दिली, अशी हकिगत त्या गावात आजही सांगतात. तेथे तो गणित आणि नौकानयन शिकला.

आता थोडे थांबून या कोळशाच्या जहाजाकडे पाहू या, कारण पुढची सारी गोष्ट त्याच्या तळाशी आहे.

कोणत्याही शिडाच्या जहाजाचा कणा म्हणजे त्याच्या तळाखाली पुढून मागे गेलेले जाड लाकूड. आपल्या कोकणातले वाडे, म्हणजे होड्या बांधणारे सुतार, त्यास पठाण म्हणतात. इंग्रजी शब्द कील. हा कणा दोन कामे करतो. सगळा सांगाडा त्यावर उभा राहतो, आणि वारा बाजूने लागला की जहाज आडवे सरकू लागते त्याला तो पाण्यात अडवून धरतो. कणा जितका खोल आणि तळ जितका निमुळता, तितके जहाज वाऱ्याच्या जवळून, सरळ व चपळ चालते. मग सगळीच जहाजे खोल का बांधू नयेत? कारण जहाज पाण्यात जितके बुडते, तितके पाणी त्याला तरंगायला लागते. चौदा फूट डूब असलेल्या जहाजाला तेरा फूट पाण्यात जागा नाही. शिवाय निमुळत्या तळाचे जहाज ओहोटीत जमिनीला लागले तर एका कुशीवर कोसळते, फळ्या उलतात, आणि परत भरती आली की उठण्याआधीच त्यात पाणी भरते.

सुकाणूचेही तसेच आहे. सुकाणू खोल असेल तर पाण्याची पकड चांगली बसते, पण ते कण्याच्या खाली लोंबकळत असेल तर तळ लागताना पहिला दणका त्यालाच बसतो. बिजागऱ्या निखळल्या की जहाज तरंगले तरी बेवारस. म्हणून जाणता बांधणारा सुकाणूची टाच कण्याच्या तळापेक्षा किंचित वर ठेवतो.

व्हिटबीची कोळसावाहू जहाजे चपळपणाच्या नादी लागलेली नव्हती. तळ रुंद व जवळजवळ सपाट, पुढचे तोंड बोथट, पोट मोठे. पाहायला अगदीच बेंगरूळ. वाऱ्याविरुद्ध चालताना ती बाजूला सरकत आणि त्यांचा वेगही बेताचाच होता. पण उत्तर समुद्राच्या त्या किनाऱ्यावर कित्येक ठिकाणी धक्का नव्हता. भरतीला जहाज वाळूवर आणायचे, ओहोटी झाली की ते सपाट तळावर ताठ बसायचे, गाड्या थेट त्याच्या कुशीला लावून कोळसा उतरवायचा, आणि पुढच्या भरतीला निघून जायचे. दुसऱ्या जहाजाला जो अपघात, तो या जहाजाचा रोजचा धंदा होता. वाटेत वाळूचे दांडे असे की एका वादळात जागा बदलत. शिशाचा ओळंबा दोरीला बांधून सतत पाणी मोजत राहणे एवढाच उपाय. तरुण जेम्सने नऊ वर्षे हेच केले.

१७५५ साली वॉकर यांनी त्याला एका जहाजाचा कप्तान करू असे सांगितले. सव्वीस वर्षांच्या मजूरपुत्राला याहून मोठे काय हवे होते? त्याने नम्रपणे नकार दिला आणि शाही आरमारात साध्या खलाशाच्या जागी भरती झाला. त्या काळी लोकांना पकडून आरमारात नेत असत. आपल्या पायांनी जाणारा विरळा. दोनच वर्षांत तो परीक्षा देऊन मास्टर झाला. मास्टर म्हणजे जहाजाच्या मार्गाची जबाबदारी ज्याच्यावर असते तो, आपल्या जुन्या भाषेत मालिम.

फ्रान्सशी युद्ध चालू होते. १७५८ साली कॅनडातील लुईबर्गच्या किनाऱ्यावर कुकला एक अधिकारी फलकावर कागद लावून जमिनीची मोजणी करताना दिसला. त्याचे नाव सॅम्युएल हॉलंड. कुकने जवळ जाऊन हे काय आहे असे विचारले, आणि शिकण्याची इच्छा दर्शवली. हॉलंडने शिकवले. विद्यार्थी मित्रांनो, त्या वेळी कुक एकोणतीस वर्षांचा होता; तरीही विचारायला लाजला नाही.

पुढच्या वर्षी इंग्रजांचा मोठा काफिला सेंट लॉरेन्स नदीतून क्वेबेकवर चालून गेला. नदीत ऑर्लिअन्स बेटाजवळ एक अतिशय वाकडी, उथळ वाट होती. फ्रेंचांनी तेथील खुणेच्या बोया काढून टाकल्या होत्या. कुक आणि इतर जहाजांचे मास्टर होड्यांतून जाऊन पाणी मोजत राहिले, आणि त्या मोजणीवर दोनशेहून अधिक जहाजे वर गेली. हे यश एकट्या कुकचे नव्हते, जरी काही चरित्रकार तसे लिहितात.

त्याच मोहिमेत त्याचा अंदाज चुकलाही. जुलैच्या अखेरीस मॉन्टमोरेन्सी येथे दोन सपाट तळाची जहाजे मुद्दाम किनाऱ्यावर घुसवून त्यांच्या तोफांच्या आधाराने सैन्य उतरवायचे ठरले. सेनापती वुल्फने विचारले तेव्हा, जहाज शत्रूच्या मोर्च्यापासून चाळीस-पन्नास यार्डांपर्यंत नेता येईल असे कुकचे मत पडले. प्रत्यक्षात जहाजे त्याहून फारच लांब रुतली, तोफांचा उपयोग झाला नाही, आणि शेकडो माणसे पडली. वुल्फने ही गोष्ट पत्रात लिहून ठेवली आहे. त्यानंतरच्या कुकच्या नकाशांवर खोलीचे आकडे किती दाट पडतात हे पाहिले म्हणजे, तो दिवस त्याच्या मनातून गेला नसावा असे वाटते.

१७६२ मध्ये एलिझाबेथ बॅट्स हिच्याशी त्याचा निकाह, म्हणजे त्यांच्या रीतीने विवाह झाला. पुढची पाच वर्षे तो दर उन्हाळ्यात न्यूफाउंडलंडचा किनारा मोजत होता. १७६४ साली बंदुकीच्या दारूचे शिंग हातात फुटले आणि उजव्या तळव्यावर मोठा व्रण राहिला. हा व्रण लक्षात ठेवा. १७६६ साली त्याने तेथून सूर्यग्रहणाचे निरीक्षण करून रॉयल सोसायटीकडे पाठवले. खेड्यातल्या शाळेत पाच वर्षे गेलेल्या माणसाचे आकडे विद्वानांना पसंत पडले.

त्यामुळे १७६८ साली दक्षिण समुद्रात जाऊन शुक्राचे सूर्यबिंबावरून होणारे अधिक्रमण पाहायची मोहीम निघाली, तेव्हा तिच्या प्रमुखपदी आरमाराने कुकला नेमले. जहाज घेतले ते व्हिटबीत १७६४ साली बांधलेले, कोळसा वाहणारे. सुमारे २८०० पौंडांना विकत घेऊन त्याला एन्डेव्हर हे नाव दिले. लांबी शंभर फुटांच्या थोडी वर, रुंदी २९ फूट, वजन ३६८ टन, भरलेले असताना डूब सुमारे १४ फूट. त्यात चौऱ्याण्णव माणसे आणि दीड वर्षाचा शिधा. ज्या जातीच्या जहाजावर कुक उमेदवारी शिकला, त्याच जातीचे जहाज पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले.

ताहिती बेटावर ३ जून १७६९ रोजी अधिक्रमण पाहून झाले. तेथून तुपाया नावाचा एक विद्वान बेटकरी, जो ताऱ्यांवरून व लाटांवरून वाट ओळखत असे, त्यांच्याबरोबर निघाला. न्यूझीलंडच्या दोन्ही बेटांना सहा महिन्यांत वळसा घालून कुकने त्यांचा असा नकाशा केला की नंतरच्या पिढ्यांना तो पाहून आश्चर्य वाटले. मात्र तेथे पहिल्याच पावलाला माओरी लोकांशी चकमक झाली आणि काही माओरी गोळ्यांनी मारले गेले. कुकने रोजनिशीत त्याबद्दल खेद लिहिला आहे. खेदाने मेलेली माणसे परत येत नाहीत, हेही आपण विसरू नये.

१७७० च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा लागला आणि जहाज उत्तरेकडे चालू लागले. ग्रेट बॅरिअर रीफ हे नाव तेव्हा नव्हते. उजव्या हाताला, नजरेपलीकडे, शेकडो मैल लांब पोवळ्यांची भिंत आहे आणि आपण किनारा व ती भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या होत जाणाऱ्या पट्ट्यात शिरत आहोत, याची कोणालाच कल्पना नव्हती.

११ जूनची रात्र. चांदणे स्वच्छ, वारा मंद. कुकने शिडे कमी करून किनाऱ्यापासून दूर जाण्याचा हुकूम दिला होता. ओळंबा टाकणारा खलाशी एकसारखे आकडे ओरडत होता. नऊच्या सुमारास एकवीस वावांवरून पाणी एकदम आठ वावांवर आले. एक वाव म्हणजे सहा फूट. नंतर पाणी पुन्हा खोल झाले, वीस-एकवीस वाव. उथळ जागा ओलांडली असे समजून मंडळी निजायला गेली. अकराला थोडा अवकाश असताना ओळंब्याने सतरा वाव दाखवले, म्हणजे शंभर फुटांहून अधिक पाणी. आणि खलाशी पुन्हा ओळंबा फेकतो न फेकतो तोच जहाज धडकून थांबले. वाळूचा दांडा हळूहळू वर येतो, ओळंबा त्याची आगाऊ वर्दी देतो. पोवळ्याचा खडक मात्र भिंतीसारखा सरळ उभा असतो. त्याच्यापुढे ओळंब्याची विद्या अपुरी पडली.

वाईट भर अशी की जहाज ऐन भरतीच्या माथ्यावर लागले. आपल्या किनाऱ्यावरील कोणीही जाणता तुम्हाला सांगेल की ओहोटीत रुतणे हा त्रास आहे आणि भरतीत रुतणे हे संकट. पाणी उतरू लागले, आणि पोवळे फळ्यांना कातरू लागले. कण्याच्या खाली संरक्षणासाठी एक जादा लाकूड ठोकलेले असते, खोटा कणा म्हणा हवे तर. खाली काही लागले तर ते तुटावे आणि खरा कणा वाचावा अशी योजना. त्याचे तुकडे आणि तळावरच्या आवरणाच्या फळ्या चांदण्यात जहाजाभोवती तरंगताना दिसू लागल्या. जमीन आठ लीग, म्हणजे चोवीस मैल दूर होती. होड्यांत सर्व माणसे मावणार नव्हती.

कुकने काय केले? आधी शिडे उतरवली, मग होड्या सोडून चहूकडचे पाणी मोजले. वरच्या डोलकाठ्या उतरवल्या. जड नांगर होड्यांतून दूर नेऊन खोल पाण्यात टाकले, म्हणजे त्यांच्या दोरांवर जोर लावून जहाज ओढता येईल. मग वजन कमी करायला सुरुवात केली. सहा तोफा, तळातले लोखंडी व दगडी निरम, पिंपे, तेलाच्या बरण्या, खराब झालेला माल, असे चाळीस-पन्नास टन समुद्रात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची भरती आली. जहाज हलले नाही. दीड फूट पाणी कमी पडले. त्या किनाऱ्यावर दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा लहान असते, हे कुकला तेव्हा अनुभवाने कळले. पुढे १७७६ साली त्याने याच भरत्यांवर रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत निबंध लिहिला.

मग रात्रीची वाट पाहणे आले. पाणी चढू लागले तसे छिद्रांतून आतही येऊ लागले. तीन पंप चालू होते, चौथा नादुरुस्त. कप्तानापासून खलाशापर्यंत सर्वांनी पाव-पाव तासाच्या पाळ्या केल्या. निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स हा लक्षाधीशही पंपावर उभा राहिला. आता खरा पेच असा: खडकाने छिद्र पाडले होते आणि खडकानेच ते काहीसे बुजवलेही होते. जहाज ओढून काढावे तर खोल पाण्यात ते बुडेल, न काढावे तर जागच्या जागी फुटेल. कुकने ओढण्याचे ठरवले. रात्री सव्वादहाच्या पुढे, सुमारे तेवीस तासांनी, एन्डेव्हर तरंगली. पोटात पावणेचार फूट पाणी होते.

आणि येथे एक अशी गोष्ट घडली जी गणिताच्या शिक्षकांनी वर्गात सांगावी. तळातले पाणी मोजणारा माणूस बदलला. पहिला आतल्या फळीपर्यंत मोजत होता, नवा बाहेरच्या फळीपर्यंत मोजू लागला. दोहोंत सोळा ते अठरा इंचांचे अंतर. नव्या माणसाने आकडा सांगताच पाणी एका झटक्यात दीड फूट चढले असे सर्वांना वाटले आणि पंपावरच्या माणसांचे हातपाय गळाले. चूक ध्यानात आली तेव्हा सर्वांना इतका धीर आला की सकाळपर्यंत पंपांनी गळतीवर मात केली.

छिद्र बुजवण्याची युक्ती जोनाथन मंकहाऊस नावाच्या उमेदवार अधिकाऱ्याने सुचवली. व्हर्जिनियाहून लंडनला येणाऱ्या एका गळक्या व्यापारी जहाजावर त्याने ती पाहिली होती. जुन्या दोरांचा पिंजलेला काथ्या आणि लोकर बारीक तोडून एका शिडावर टाक्यांनी बसवली, त्यावर शेण लावले, आणि ते शीड दोरांनी जहाजाच्या पोटाखालून ओढले. पाण्याच्या ओढीने काथ्या छिद्रात शिरला आणि गळती इतकी कमी झाली की एकच पंप पुरेसा झाला. कुकने त्या मुलाची तारीफ रोजनिशीत मोकळेपणाने केली आहे.

काही दिवसांनी एक नदीचे मुख सापडले. आज तेथे कुकटाऊन हे गाव आहे. सपाट तळाची खरी किंमत येथे कळली. व्हिटबीच्या कोळसेवाल्यांप्रमाणे जहाज भरतीला किनाऱ्यावर चढवले आणि ओहोटीत ते निमूट बसले. सुतारांनी खाली जाऊन पाहिले तर पोवळ्याने फळ्या जणू हत्याराने कापल्यासारख्या कापल्या होत्या आणि एका भोकात पोवळ्याचा मोठा तुकडा मोडून अडकून राहिला होता. तो निसटला असता तर ही हकिगत सांगायला कोणी उरले नसते. निमुळत्या तळाची देखणी युद्धनौका असती तर तिला त्या निर्जन नदीत असे बसवून दुरुस्त करता आले असते असे मला वाटत नाही.

निर्जन हा शब्द मात्र मी मागे घेतला पाहिजे, कारण तेथे गूगू यिमिदिर लोक राहात होते. कांगारू हा शब्द त्यांच्याच भाषेतून जगाला मिळाला. खलाशांनी त्यांच्या पाण्यातील कासवे बेसुमार पकडली आणि त्यांना वाटा दिला नाही, यावरून भांडण झाले, गवत पेटवले गेले, बंदूक चालली. शेवटी त्यांच्यातील एक वृद्ध मोडक्या टोकाचा भाला घेऊन पुढे आला आणि समेट झाला. ज्याच्या घरी पाहुणा म्हणून राहायचे त्याला विचारून खावे, एवढी साधी रीत त्या मंडळींना सुचली नाही. त्याच ऑगस्टमध्ये कुकने उत्तर टोकावरील एका बेटावर निशाण रोवून तो सारा किनारा आपल्या राजाचा असल्याचे जाहीर केले. तेथील रहिवाशांना कोणीच विचारले नाही.

४ ऑगस्टला जहाज निघाले. पोवळ्यांच्या भिंतीतील एका फटीतून ते बाहेर खुल्या समुद्रात आले तेव्हा सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तीनच दिवसांत वारा पडला आणि लाटांनी जहाज परत त्या भिंतीकडे ढकलत नेले. भिंतीच्या अगदी लगत समुद्र इतका खोल की नांगराला तळच लागेना. फेसाळ लाटा आणि जहाज यांत एका लाटेचे अंतर उरले असताना एक अरुंद खिंड दिसली आणि भरतीच्या ओढीने जहाज आत गेले. उथळ पाण्यात निदान नांगर धरतो, म्हणून जेथून सुटण्याचा आनंद मानला होता त्याच जागी परत आल्याबद्दल मंडळींनी आनंद मानला.

पुढे बटेव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, येथे जहाज गोदीत घेतले तेव्हा काही फळ्या झिजून इंचाच्या आठव्या भागाएवढ्या जाडीच्या उरल्याचे दिसले. पण तेथील मलेरिया व हगवण खडकांपेक्षा घातक ठरली. बटेव्हियात सात जण गेले, त्यांत तुपायाही होता. तेथून केप ऑफ गुड होपपर्यंत वीसहून अधिक दगावले. मंकहाऊसही त्यांतच गेला.

१७७१ साली कुक परतला आणि लगेच दुसरी मोहीम ठरली. या वेळी बँक्सने मोठ्या, प्रशस्त जहाजाचा आग्रह धरला. कुकचे म्हणणे ठाम होते. अनोळखी किनाऱ्याला जाणारे जहाज उथळ डूबेचे असावे, त्यात शिधा भरपूर मावावा, ते जमिनीला लागले तर सहन करणारे असावे, आणि दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर चढवता येईल इतक्या आकाराचे असावे. बेताल वेग आणि दिमाख यांचा तेथे काय उपयोग? पुन्हा व्हिटबीचीच दोन जहाजे घेतली, रेझोल्यूशन आणि अॅडव्हेंचर. बँक्ससाठी रेझोल्यूशनवर जादा मजला चढवला तर ती डोईजड होऊन कलंडू लागली. मजला काढून टाकावा लागला आणि बँक्स रुसून मोहिमेतून बाहेर पडला. १७ जानेवारी १७७३ रोजी याच ओबडधोबड जहाजांनी इतिहासात प्रथम दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले. त्याच ऑगस्टमध्ये ताहितीला रेझोल्यूशनचा तळ पुन्हा एकदा खडकाला लागत होता, आणि पुन्हा नांगरांच्या जोरावर ती वाचली. सौम्य पण काटेकोर आहारनियम, आंबवलेली कोबी, ताजी भाजी आणि स्वच्छता यांच्या जोरावर कुकने स्कर्व्हीला दूर ठेवले. १७७६ साली रॉयल सोसायटीने त्याबद्दल त्याला कोप्ली पदक दिले.

तिसरी सफर करायला नको होती, असे अनेकांचे मत आहे आणि माझेही आहे. माणूस थकला होता, चिडखोर झाला होता. १७७७ साली एका चोरलेल्या बकरीसाठी त्याने मूरिया बेटावरील घरे व होड्या जाळल्या. जो हात इतकी वर्षे ओळंब्याने पाणी मोजत होता त्याला माणसांच्या मनाची खोली त्या दिवसांत मोजता आली नाही. हवाईच्या केआलाकेकुआ उपसागरात प्रथम त्याचा मोठा सन्मान झाला. तेथून निघाल्यावर रेझोल्यूशनची डोलकाठी मोडली आणि परत यावे लागले. एक होडी चोरीस गेली, तिच्या बदल्यात कुक तेथील राजाला ओलीस धरायला गेला, आणि १४ फेब्रुवारी १७७९ रोजी किनाऱ्याच्या उथळ पाण्यात मारला गेला. त्याच्याबरोबर चार शिपाई आणि कितीतरी हवाईकर मेले. वय पन्नास. नंतर जे अवशेष परत दिले गेले त्यांतील हात उजव्या तळव्यावरील त्या जुन्या व्रणावरून ओळखला.

एलिझाबेथ त्यानंतर छप्पन वर्षे जगली. सहाही मुले तिच्या हयातीतच गेली. १८३५ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी तिचे निधन झाले.

समुद्रात टाकलेल्या त्या सहा तोफा १९६९ साली पोवळ्यांत गुरफटलेल्या सापडल्या. एन्डेव्हर मात्र आरमाराने १७७५ साली विकून टाकली. नवे नाव घेऊन ती सैन्य वाहू लागली, आणि १७७८ साली अमेरिकेतील न्यूपोर्ट बंदरात फ्रेंच जहाजांना आत येता येऊ नये म्हणून इंग्रजांनी तिला इतर जहाजांबरोबर मुद्दाम बुडवले. २०२२ साली ऑस्ट्रेलियातील सागरी संग्रहालयाने तेथील एक बुडीत सांगाडा तिचाच असल्याचे जाहीर केले. थोडेसे लाकूड, गाळात रुतलेले निरमाचे दगड आणि कण्याचा काही भाग एवढेच तेथे आता शिल्लक आहे.